खोळ

नंदनवनात राहणाऱ्या माणसाने तक्रार करू नये, असा एक संकेत आहे. पत्त्यातच स्वर्ग लिहिलेला असताना रडायचं कुठल्या तोंडाने? इंद्राच्या नंदनवनात पारिजात होता म्हणतात. आमच्या नागपूरच्या नंदनवनात ग्रेट नाग रोड आहे, जवळच जगनाडे चौक आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. इंद्राला एक सोय होती. त्याचं वाहन हत्ती. हत्ती उन्हात उभा केला तरी त्याची पाठ तापून बसणाऱ्याची कातडी सोलत नाही, आणि ऐरावताला रेक्झिनचं कव्हर शिवून घ्या असं सांगणारा शेजारी इंद्राला नव्हता. मला आहे.

म्हणून मी तक्रार करणार. मोटारीच्या चांगल्या कापडी सीटवर रेक्झिन चढवणाऱ्या समस्त मंडळींविरुद्ध ही तक्रार आहे. आठ वर्षं मीही त्याच मंडळींत होतो, तेव्हा अधूनमधून एखादा रट्टा मलाही बसेल. तो मी सोसेन.

आमच्या शहरात नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की आधी टेकडीच्या गणपतीला जाते. तिथे हार पडतो, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं चिरडली जातात. तिथून गाडी दुसऱ्या देवस्थानाला जाते. ते म्हणजे सीट कव्हरचं दुकान. पहिल्या देवस्थानी न गेलेली गाडी मी पाहिली आहे, दुसऱ्या ठिकाणी न गेलेली क्वचितच. चुकून तुम्ही तशीच घरी आणलीत, तर पेढा तोंडात असतानाच शेजारचे भाऊ विचारतात, "कव्हर नाही टाकले का भाऊ?" हा प्रश्न ते अशा आवाजात विचारतात, की मुलगा झाला पण त्याला अजून अंगडं घातलं नाही की काय!

"काहून टाकायचं?" असं आपण विचारावं, तर उत्तर तयार असतं. "कापड हाय ना बाप्पा ते. घाण होते."

बस. एवढा एकच युक्तिवाद. कापड घाण होतं. मग अंगातला सदरा काय होतो? चादर काय होते? आपण सदऱ्यावर रेक्झिन चढवून कचेरीत जात नाही. घाण झाला की धुतो. पण मोटारीच्या सीटचं कापड धुता येतं, घरी, एका तांब्याभर पाण्यात आणि दोन चिंध्यांत धुता येतं, ही गोष्ट जणू कुणी आपल्यापासून लपवून ठेवली आहे.

मुळात आपल्या मध्यमवर्गाला खोळीचं वेड आहे. आमच्या वडिलांचा रेडिओ होता, त्याला आईने विणलेली खोळ होती. बातम्या लागायच्या वेळी पुढचा पडदा वर व्हायचा आणि बातम्या संपल्या की खाली. पुढे फ्रिज आला, तर त्याच्या दांड्याला फुलाफुलांचा अंगरखा आला. टीव्ही आला, त्याच्यावर झालर आली. रिमोट आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. बटणांवरचे आकडे शाबूत, फक्त पिशवीतून दिसत नाहीत. सोफा आला तो दुकानातल्या प्लॅस्टिकसकट, आणि त्यावर बसलेला पाहुणा उठताना असा आवाज होई की तो बिचारा खजील होऊन पुन्हा बसे. एका लग्नात मिळालेली सूटकेस आमच्याकडे अजून खोळीत आहे. तिची खोळ तीनदा बदलली. सूटकेस कुठे गेलेली नाही.

यात काटकसर असती तर मी टोपी काढली असती. वस्तू जपावी, हे आपल्या आईबापांनी शिकवलं, आणि ज्यांनी वर्षाला दोन कपड्यांत दिवस काढले त्यांना शिकवायचा अधिकारही होता. पण त्यांनी वस्तू जपल्या त्या वापरून जपल्या. लुगडं फाटलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं. आपण वस्तू जपतो ती कोऱ्याची कोरी पुढच्या गिऱ्हाइकाला विकायला. "रीसेलला बरं असते," असं भाऊ म्हणतात. म्हणजे पैसे मी भरायचे, हप्ते मी फेडायचे, आठ वर्षं भाजून मी घ्यायचं, आणि मऊ कापडावर बसायचं कुणी? तर जो अजून जन्मालाही आला नसेल त्या गिऱ्हाइकाने!

आता रेक्झिनविषयी. हे मुळात इंग्लंडातल्या एका कारखान्याच्या मालाचं नाव. कापडावर रसायनाचा लेप देऊन केलेलं खोटं चामडं. आपल्याकडे मालाचं नाव जातीला पडलं, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. या रेक्झिनशी माझं जन्माचं वैर नाही. एस.टी.त रेक्झिन हवंच. दिवसाला शेकडो माणसं बसतात, एखादं पोर ओकतं, कुणाच्या पिशवीतला ताकाचा डबा सांडतो. कंडक्टरने फडका मारला की गाडी पुढच्या फेरीला मोकळी. रेल्वेच्या बाकाला हवं, दवाखान्यातल्या तपासायच्या टेबलाला हवं. पण माझ्या गाडीत दिवसाला शेकडो माणसं बसत नाहीत. मी बसतो, आमची ही बसते, आणि आठवड्यातून एकदा आई. या तिघांसाठी गाडीचा दवाखाना करायची काय गरज?

आणि तो नागपुरात? पुण्यात करा, नाशकात करा, महाबळेश्वरला तर हौसेने करा. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा आम्ही त्याला "आज जरा तपून राह्यलं" असं म्हणतो. ३० मे २०२४ ला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले. देशभर बोंब झाली. मग हवामान खात्याने तपासून सांगितलं की यंत्र बिघडलं होतं. सगळ्या शहराने सुटकेचा श्वास टाकला. मी टाकला नाही. त्याच दुपारी मी आमच्या गाडीत बसलो असतो, तर माझ्या मते यंत्र बरोबर होतं.

काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या मोटारीत हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस-बावीस अंशांनी चढते. ऊन काचेतून आत येतं आणि आतली ऊब बाहेर जाऊ शकत नाही. बाहेर पंचेचाळीस असेल तर आत किती, ही बेरीज शाळेतलं पोर करील. तुम्ही म्हणाल, मग कापडही तेवढंच तापणार की. तापणार. पण कडक उन्हात अंगणात एक बाज टाका आणि शेजारी एक पत्र्याची खुर्ची ठेवा, आणि तासाभराने दोन्हींवर बसून पाहा. दोघांनाही ऊन तेच. बाजेवर तुम्ही "हुश्श" म्हणून टेकाल. खुर्चीवर काय म्हणाल ते मला छापता येणार नाही. विणीत हवा असते, हवा उष्णता सावकाश देते, आणि विणीचे फक्त उंचवटेच अंगाला लागतात. गुळगुळीत पृष्ठभाग सगळाच्या सगळा चिकटतो आणि साठवलेली सगळी उष्णता एकदम चुकती करतो. रेक्झिन काही पत्रा नव्हे, पण कापडापेक्षा ते पत्र्याच्या जवळचं. वर घाम आला की त्याला जायला वाट नाही. वीस मिनिटांनी उठताना पाठ गाडीत राहते आणि आपण बाहेर येतो.

हे सगळं शहाणपण मला आठ वर्षांनी सुचलं. का, तेही सांगून टाकतो.

आई एक्याऐंशी वर्षांची. दर शनिवारी तिला महालात मावशीकडे जायचं असतं. नंदनवनातून महालात जायचं म्हणजे काही द्वारकेला जायचं नाही. मी सोडायचो, संध्याकाळी आणायचो. २०२४ च्या उन्हाळ्यात ती म्हणायला लागली, "तू नको येऊस. मी ऑटोने जाते." मला वाटलं, म्हातारीला स्वावलंबनाची उबळ आली. शिवाय शनिवारी दुपारी झोप मिळत होती, तेव्हा फार खोलात गेलो नाही.

मे महिन्यात गाडी दुरुस्तीला दिली होती. ती आणताना मेकॅनिकचा पोरगा चालवत होता, पुढच्या सीटवर त्याचं सामान, म्हणून मी मागे बसलो. बसलो आणि उठलो. म्हणजे डोकं टपाला आपटेपर्यंत उठलो. पोरगा म्हणाला, "काय झालं काका?" काय झालं ते काकाला तेव्हा कळलं. आठ वर्षांत मी माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो. मी बसत होतो ड्रायव्हरच्या जागी. आणि ड्रायव्हरच्या जागी मी, रेक्झिन भाजतं म्हणून, चार वर्षांपूर्वी एक जाड टॉवेल टाकला होता. माझ्यापुरता.

घरी येऊन आईला विचारलं. ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, "अरे, तू गाडीला एवढं जपतोस. मी कशाला बोलू? मी पिशवीत सतरंजीचा तुकडा न्यायची, तो अंथरायची. पण यंदा हात टेकून सरकताना पोळतं रे." आणि दंड दाखवला. म्हातारपणी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. तिथे तांबडा चट्टा होता.

इथे कव्हरपक्षाचे वकील उठून म्हणतील, ऑटोची सीट कुठे मखमलीची असते? तीही रेक्झिनचीच. बरोबर. पण ऑटोला काचा नसतात. वर ताडपत्री, दोन्ही बाजूंनी वारा. जे माझ्या हवाबंद, हप्त्यांच्या, कव्हरवाल्या गाडीत तिला मिळत नव्हतं, ते तिला शेअर ऑटोत मिळत होतं.

त्याच संध्याकाळी मी कव्हरं उचकटली. उचकटली हाच शब्द बरोबर, कारण खाली हुक, इलॅस्टिक आणि गाठी यांचं असं जाळं होतं की चोराने सीट नेऊ नये म्हणून बांधली असावी. आतून कापड निघालं. करड्या रंगाचं, बारीक ठिपक्यांचं, कोरं करकरीत. त्यावर आठ वर्षांत कुणाचाही घाम पडला नव्हता. आमची ही टॉर्च धरून उभी होती. ती म्हणाली, "छान आहे हो. कोणासाठी ठेवलं होतं?" मी उत्तर दिलं नाही. बायकोच्या काही प्रश्नांना उत्तर नसतं आणि तिलाही ते नको असतं.

भाऊ कुंपणावरून बघत होते. "काय करून राह्यले भाऊ? कव्हर काढले? काहून?" मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "मग दुसरं टाका ना, व्हेंटिलेटेडवालं. माह्या नव्या गाडीत आहे." त्यांच्या नव्या गाडीत सहा एअरबॅग आहेत, ही गोष्ट लेआउटमध्ये लहान पोरांनाही पाठ आहे. त्यांतल्या पुढच्या सीटच्या बाजूच्या ज्या असतात, त्या सीटच्या कुशीत शिवलेल्या असतात, आणि अपघातात शिवण फोडून बाहेर येतात. तशी एक चिमुकली चिंधीही तिथे लावलेली असते, त्यावर "एअरबॅग" असं लिहिलेलं असतं. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतही इशारा असतो, की अशा सीटवर भलतं कव्हर चढवू नका. भाऊंची पुस्तिका अर्थात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. सहा एअरबॅगांचे पैसे मोजून त्यांतल्या दोघींवर त्यांनी जाड रेक्झिन शिवून घेतलं, तेही दुहेरी टाक्याचं. मी चिंधीविषयी विचारलं, तर म्हणाले, "ते लेबल होय? ते आत गेलं."

असो. पुढच्या रविवारी सकाळी आईला सन्मानाने मागच्या सीटवर बसवली. ती आधी हाताने कापड चाचपून पाहत होती. "मऊ आहे," म्हणाली. मावशीसाठी वाटेत तर्री पोहे बांधून घेतले. आता बाहेरगावच्या वाचकांना तर्री म्हणजे काय ते सांगायला हवं. पोह्यांवर ओततात तो हरभऱ्याचा लालभडक, तिखटजाळ रस्सा. वर बोटभर तेल. पोहे कागदात देतात आणि तर्री वेगळी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोऱ्याने गच्च गुंडाळून. ती पिशवी आईने मांडीशी धरली. एक गतिरोधक आला. तो गतिरोधक रंगवलेला नव्हता, एवढंच माझ्या बचावात नोंदवून ठेवतो.

आरशात मला आईचा चेहरा दिसला. सीटकडे मी नंतर पाहिलं. ती काही ओरडली वगैरे नाही. पदराने सीट पुसायला लागली होती, आणि म्हणत होती, "तरी मी म्हटलं होतं, मी ऑटोने जाते."

त्या क्षणी मला कळलं की हा डाग निघालाच पाहिजे. सीटसाठी नव्हे; सीट गेली खड्ड्यात. तो डाग तसाच राहिला, तर आई पुन्हा या गाडीत बसणार नाही, आणि भाऊंचं म्हणणं खरं ठरेल. यांपैकी कुठल्या गोष्टीने मी अधिक पेटलो ते प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

आता डाग काढण्याच्या शास्त्राबद्दल माझ्या चुकांच्या क्रमाने सांगतो, कारण माझं सगळं ज्ञान त्याच क्रमाने आलं आहे. पहिली चूक रस्त्यावरच केली: रुमाल काढून जोरात घासलं. तर्री घासायची नसते, टिपायची असते. हरभरे चमच्याने उचलायचे, मग जुन्या धोतराचा नाहीतर लुगड्याचा मऊ तुकडा वरून दाबायचा, उचलायचा, कोरी बाजू पुन्हा दाबायची. तेही कडेकडून मधे येत. घासलं की डाग विणीत खोल जातो आणि चौफेर पसरतो. माझा डाग पुरीएवढा होता, तो भाकरीएवढा झाला.

घरी आल्यावर हिने त्यावर कॉर्नफ्लोर भुरभुरलं आणि अर्धा तास कुणाला हात लावू दिला नाही. कोरडी पूड तेल ओढून घेते. मग मऊ ब्रशने ती पिवळट-लाल झालेली पूड झाडली, आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार थेंब तांब्याभर पाण्यात टाकून फेस केला. ध्यानात ठेवा, फेस. पाणी भांड्यातच राहू द्यायचं, ब्रशवर फक्त फेस घ्यायचा. हलक्या हाताने फिरवायचा, ओल्या फडक्याने साबण काढायचा, कोरड्या फडक्याने टिपायचं. आणि डागापुरतं थांबायचं नाही, शिवणीपासून शिवणीपर्यंतचा सगळा चौकोन पुसायचा, नाहीतर डाग जातो आणि त्याच्या जागी पाण्याचं वर्तुळ राहतं. साबणही मोजूनच. आत राहिलेला साबण चिकट होतो आणि महिनाभरात सगळ्या जगाची धूळ गोळा करतो.

तेल गेलं. हरभऱ्याचा वास गेला. राहिली हळद. पिवळीधम्मक, जशी काही पोळ्यानंतर निघणारी पिवळी मारबतच सीटवर बसली होती.

हे सगळं चालू असताना भाऊ आलेच. "मी म्हणून राह्यलो होतो ना!" हे पहिलं वाक्य. दुसरं, "पाइप लावा ना भाऊ. धो धो पाणी मारा, सारं निघून जाते." आता हा दुसरा संप्रदाय. पहिला कव्हरवाल्यांचा, हा पाइपवाल्यांचा. आमच्या भागात उन्हाळ्यात नळाचं पाणी किती आणि कधी येतं ते पाहता, सीटवर पाइप लावायला माणूस एकतर श्रीमंत हवा किंवा निर्लज्ज. पण पाण्याचं सोडा. सीट म्हणजे नुसतं कापड नव्हे. खाली चार बोटं जाड फोम आहे, आणि फोम म्हणजे भांडी घासायचा भला मोठा स्पंज. तो बादलीभर पाणी गपगुमान पितो आणि वरून कोरडा दिसतो. मग कापड वाळताना खालचं पाणी वर ओढलं जातं आणि येताना तळातली सगळी घाण घेऊन येतं. काल गेलेला डाग आज मोठा भाऊ घेऊन परत येतो. पावसाळ्यात तर तो फोम वाळतच नाही, बुरशी धरतो. भाऊंनी आपल्या जुन्या गाडीला जुलैमध्ये हाच प्रयोग केला होता. पोळ्यापर्यंत त्यांच्या गाडीला न वाळलेल्या गोधडीचा वास येत होता आणि ते अत्तराच्या बाटल्या लटकवत होते. शिवाय सीटखाली विजेच्या तारा असतात, एअरबॅगच्या पिवळ्या खटक्यांसकट. तिथे धो धो पाणी मारणं म्हणजे आंघोळ करताना रेडिओ मांडीवर घेण्यासारखं आहे.

तिसरा संप्रदाय मोबाइलवाल्यांचा. भाच्याने व्हिडिओ पाठवला: खायचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फसफसलं की डाग गायब. फसफसतं खरं. पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारून मोकळे होतात, वायू उडून जातो, आणि सीटवर उरतं जवळजवळ मिठाचं पाणी. एकेकटे दोघेही कामाचे आहेत. सोडा वास ओढतो, व्हिनेगर वेगळ्या कामाला येतं. दोघांना एकत्र आणलं की नुसता तमाशा, हे घराघरांतून सिद्ध झालेलं आहे. दुकानात नेऊन यंत्राने धुऊन घेणाऱ्यांबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही. गाडीभर चिखल झाला असेल तर खुशाल न्या. एका पिशवी तर्रीसाठी हजाराच्या वर मोजायला माझा हात धजला नाही, इतकंच.

त्या रात्री मी माझी सर्वांत मोठी चूक केली. सगळे झोपल्यावर गुपचूप कपड्यांची पावडर कालवली आणि पिवळ्या डागाला लावली. बॅटरीच्या उजेडात पाहतो, तर डाग लालभडक! मी दोन पावलं मागे सरलो. वाटलं, तर्री परत आली.

सकाळी आई बघायला आली. चष्मा पुसून वाकली, आणि हसायला लागली. रविवारपासून पहिल्यांदा हसत होती. "अरे वेड्या, हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे ठाऊक नाही? पावडर लावलीस ना? तिच्यात क्षार असतो. लिंबू आण." ओल्या फडक्याने पावडर काढून तिने लिंबाचं बोट फिरवलं, आणि डोळ्यांदेखत लाल पुन्हा पिवळं झालं. पुस्तकात याला दर्शक म्हणतात. शाळेत मी हळदीचा कागद साबणात बुडवून दहा पैकी आठ मार्क मिळवले होते. ती विद्या तिथेच राहिली.

"आता हे पिवळं?" मी विचारलं.

"हळदीचा डाग धुऊन जात नाही. उन्हाने जातो. लग्नातली शालू-पातळं काय आम्ही फेकून दिली? दारं उघड आणि ऊन दाखव."

हे मी नंतर वाचून पाहिलं, आणि आईचं खरं निघालं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, प्रकाशाने तो मोडतो. तिखटाचा लालही तसाच विटतो. ज्या उन्हापायी मी आठ वर्षं रेक्झिन तापवत बसलो, ते ऊन इथे फुकट धोबी होऊन उभं होतं.

एक मात्र आईच्या म्हणण्याप्रमाणे मी मान्य केलं. ती म्हणाली, "डोकं टेकतं तिथे रुमाल टाक. माझं तेल लागतं." याला माझी हरकत नाही. खोळ आणि रुमाल यांत फरक आहे. रुमाल काढता येतो, धुता येतो, आणि तो कुणाला भाजत नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात पुरुष डोक्याला मॅकॅसर तेल थापत, तेव्हा तिथल्या बायकांनी खुर्च्यांच्या पाठींवर विणलेले रुमाल टाकले. त्यांना अँटिमॅकॅसर असं भारदस्त नाव पडलं. आपल्याकडे डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला सरकारी गाड्यांचा ताफा नागपुरात उतरतो, तेव्हा सीटवर पांढरेशुभ्र टॉवेल बघून घ्या. लोक त्यांना हसतात. मी हसत नाही. सरकारच्या पुष्कळ गोष्टींवर मला बोलायचं आहे, पण तो टॉवेल रोज बदलत असतील तर त्या बाबतीत सरकारचं बरोबर आहे. मी माझा तो जाड टॉवेल धुतला आणि मागच्या सीटवर, आई बसते तिथे, पसरण्यासाठी काढून ठेवला. आई म्हणाली, "मला नको. कापडच बरं."

तर सोमवारी सकाळपासून गाडी अंगणात, तोंड पूर्वेला, चारही दारं सताड उघडी. आई वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसली, हातात काठी. कुरडया आणि पापड राखायला बसते तशी. एक मांजर बॉनेटवर चढायला आलं, त्याला काठी दाखवली. भाऊ विचारायला आले, त्यांनाही जवळजवळ दाखवली. ते म्हणाले, "आई, गाडी वाळवून राह्यल्या का?" ती म्हणाली, "हो. तुमची पण आणा. कव्हर काढून आणा मात्र." ते हसले आणि गेले, पण जाताना आमच्या सीटवर हात ठेवून पाहिला, हे मी खिडकीतून पाहिलं.

पहिल्या दिवशी डाग लिंबाएवढा पिवळा होता. दुसऱ्या दिवशी जुन्या पुस्तकाच्या पानासारखा. तिसऱ्या दिवशी तो कुठे होता हे शोधायला आईला चष्मा लावावा लागला. "शनिवारी मावशीकडे जायचंय," ती म्हणाली. "तोवर होईल ना रे?"

"होईल."

"मग असा बघत काय उभा राहिलास? ऊन सरकलं. गाडी फिरव थोडी."

मी किल्ली घेऊन गेलो. दुपारचे दोन वाजले होते. ड्रायव्हरची सीट चांगली तापली होती, पण बसता येत होतं. गाडी हातभर पुढे घेतली.

"आणखी घे," आई वऱ्हांड्यातून म्हणाली. "कडुनिंबाची सावली येतेय तिच्यावर."